मालू, रक्ताला हात लावू नकोस

मालू,

"आईला क्षयाच्या इस्पितळात हलवा, नाहीतर मालूला माहेरी धाडतो," या मनोहरच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. स्वतःच्या मुलाला नाही म्हणायची भीती वाटली.

फिनेल संपलं, म्हणून उरण नाक्यावर गेलो आहे. तोवर सासूच्या खोकल्यातून रक्त पडलं तर वर नुसती राख टाक. बाळाला त्या खोलीत सोडू नकोस. पुसणं, चिंध्या जाळणं, चादर उकळणं माझं काम. नंतर साबणाने हात धुतो, काळजी नको.

कमळाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मास्तर, बायकोचं काढताना लाज नाय वाटत?"

"वाटते," म्हटलं, "पण जमतं."

मनोहरला लिहिलं, तुझी आई याच घरात राहील. बरोबर की चूक, ठाऊक नाही. सकाळीच पोस्टात टाकलं.

— मामंजी