शेवटच्या अंकातला शिंपी

प्रिय दादा,

तुझं तेरावं होऊन आज नऊ दिवस झाले. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते पोस्टमास्तरला विचारावं, तर पोस्टमास्तरच निघून गेला! पण लिहिल्याशिवाय मला गत्यंतर नाही. रडू येतंय म्हणून लिहीत नाहीये, रडून झालं सगळं. तेराव्याला सोमाजी शिंपी आला होता, म्हणून लिहितेय.

हो, तोच. लाकडाच्या ट्रकवर बसून अहेरीहून आला. केस पार पांढरे झालेत त्याचे. शेवटच्या पंगतीत गुमान जेवला आणि परसात हात धुताना हळूच म्हणाला, "बाई, एक इचारू का तुमाले?" त्यानं काय विचारलं ते सांगते, पण थोडी थांब. महत्त्वाचं पान घाईनं उलटू नये, असं मला तूच सांगायचास ना?

तुझी पोस्टाची खोली अजून तशीच आहे. नवीन माणूस आलेला नाही. तुझ्या टेबलाच्या खणात मनिऑर्डरचे रद्द झालेले फॉर्म सापडले, पाठीमागून तुझ्या रहस्यकथांनी गच्च भरलेले. सरकारनं पाहिलं असतं तर नोकरीच गेली असती तुझी! अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरावं तसं. नागपूरच्या छापखान्यानं पहिली कादंबरी 'वाचता येत नाही' म्हणून परत पाठवली, तेव्हापासून तुझ्या प्रती करायचं काम माझ्याकडे आलं. नवऱ्यानं टाकलेल्या बहिणीला काही उद्योग हवा, असंही तुझ्या मनात असेल. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही.

पण शेवटचं प्रकरण तू मलाही आधी द्यायचा नाहीस. बाकीची सगळी पानं उतरवून झाली, की एक पाकीट माझ्यापुढे सरकवायचास, डिंकानं चिकटवलेलं, वर पोस्टाचा शिक्का मारलेलं. "खुनी कोन थे वळख आंधी, मंगच फोड." मी कधीच ओळखू शकले नाही. एकदा वाफेवर धरून उघडलं होतं, दादा. आज सांगून टाकते. तुला कळलं होतं का रे?

नाटकांची गोष्ट तर याहून कठीण. धान मळून झालं, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट ठरला, लेकीबाळी माहेरी आल्या, की गावच्या मंडळाचं नाटक व्हायचं. लिहिणारा तू. महिनाभर तालमी चालायच्या, पण शेवटच्या अंकाशिवाय. माझ्याकडे त्याचं पाकीट आदल्या दिवशी यायचं, आणि नाटकाच्या दिवशी दुपारी तू आपल्या घराची दारं लावून तो नटांना वाचून दाखवायचास, आणि लगेच तोंडपाठ करून घ्यायचास. तोवर प्रत्येक नटाला वाटायचं, खुनी आपणच. पानठेल्यावर कोंबड्याच्या पैजा लागायच्या. पटाला आलेले पाहुणे बैलांचं सोडून तुझ्या खुन्याबद्दलच बोलत बसायचे.

आणि मग तुझं 'पाळीवरची पावलं' आलं.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात मालगुजारांचे म्हातारे दिवाणजी गावतळ्यात बुडून गेले. पाय घसरला असं पंचनाम्यात आलं. कायद्यानं मालगुजारी, म्हणजे त्यांची जमीनदारी, नुकतीच गेली होती, जमिनींच्या कागदपत्रांची लपवालपवी चालली होती, आणि सगळे कागद दिवाणजींच्या हातात होते. मालगुजारांच्या धाकट्या भावाचं नाव गावात दबक्या आवाजात घेतलं जायचं. मोठ्यानं घ्यायची कोणाची छाती नव्हती.

तू ते नाटकात घेतलंस. जमीनदार, त्याचा धाकटा भाऊ, तळ्यात सापडलेला दिवाण आणि तळ्याच्या पाळीवर, बांधाच्या ओल्या मातीत उमटलेली पावलं. जमीनदाराच्या वाड्यावर कपडे शिवणारा एक शिंपीही होता त्यात, तो सोमाजीला दिलास. बिचारा पहिल्यांदाच रंगमंचावर उभा राहणार होता, हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. तू म्हणालास, "मशिनीवर बसून राहाजो सोमाजी, हात आपोआप चालतीन."

त्या वर्षीही पाकीट आदल्या दिवशी माझ्याकडे आलं. मी फोडलं. खुनी धाकटा भाऊ होता.

तू हे वाचत असतास तर मान खाली घातली असतीस, म्हणून मीच लिहिते. त्या दिवशी मी तुझ्या पाया पडले होते. शाळा मालगुजारांच्या ओसरीवर भरायची. मला मास्तरीण म्हणून ठेवायचं की काढायचं, हे त्यांच्या एका शब्दावर होतं. मी म्हणाले, "दादा, मले सासर उरलं नाई, नवरा उरला नाई. शाळा तेवढी हाय. थेही घालवशीन का?"

तू माझ्या हातातून ती पानं परत घेतलीस. मग विचारलंस, "मंग कोनाले करू?"

आणि मी म्हणाले, "शिंप्याले कर."

माझेच शब्द होते ते. मी एवढंच पाहिलं, की नाटकातला शिंपी एकटा आहे, त्याच्या बाजूनं भांडायला नाटकात कोणी नाही, प्रेक्षकांना धक्काही बसेल. पाच मिनिटांत सगळं जुळवून दिलं मी तुला. तुझ्या हाताखाली तेवढं शिकले होते. नाटकातला शिंपी आणि गावातला शिंपी एकच माणूस आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. की आलं होतं आणि मी ते बाजूला सारलं? खरंच आठवत नाही, दादा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू नवा अंक वाचलास, तेव्हा सोमाजीला केवढा आनंद झाला होता! "भाऊ, मीच? खरंच मीच का?" असं तीनदा विचारलं त्यानं. एवढ्या नटांमधून शेवटचं मोठं काम आपल्याला मिळालं म्हणून घरी जाऊन बायकोला सांगून आला. आणि काम कसं केलं! मशीन थांबवून तो उठला आणि कबुलीचं भाषण करायला लागला, तसा सगळा मांडव चिडीचूप झाला. एक टाळी पडली नाही. त्याला वाटलं, लोक भारावून गेले.

लोकांनी वेगळाच अर्थ काढला होता. दुसऱ्या गावात असं झालं नसतं. पण आपल्या गावात नाटक लिहिणारा पोस्टमास्तर होता! गावातलं प्रत्येक पत्र तुझ्या हातून जायचं, अर्ध्या गावाची पत्रं तर तूच वाचून दाखवायचास आणि लिहून द्यायचास. लोकांनी ठरवलं, भाऊला खरं ठाऊक आहे. उघड बोलता येत नाही म्हणून त्यानं नाटकातून सांगितलं. आठ दिवसांत बायकांनी सोमाजीकडे चोळ्या टाकणं बंद केलं. पोरं त्याच्या मागून ओल्या पायानं ठसे उमटवत जायची. पोलीस पाटलानंही दोनदा बोलावून विचारपूस केली त्याची.

तू बाजारात उभा राहून सांगत होतास, "थे नाटक होतं, बाबू. मनाचं लिवलं होतं मी." लोक समजूतदारपणे हसायचे. "भाऊ, तुमी तं असंच म्हनान. सरकारी मानूस हाव ना तुमी." तू जितकं नाकारलंस, तितकी लोकांची खात्री होत गेली.

तुझ्याजवळ एकच उपाय होता. मूळचा शेवटचा अंक कसा होता आणि तो कोणी बदलायला लावला, ते सांगायचं. तू सांगितलं नाहीस. माझ्यासाठी गप्प बसलास. उन्हाळ्याच्या तोंडावर सोमाजीनं बैलगाडीत मशीन चढवलं, बायकोला वर बसवलं आणि तो अहेरीच्या वाटेनं निघून गेला. तू पोस्टाच्या दारात उभा होतास. मी ओसरीवर पोरांकडून पाढे म्हणवून घेत होते.

त्यानंतर तू नाटक लिहिलं नाहीस. मंडळानं विनवण्या केल्या, पण नाहीच. कादंबऱ्या लिहिल्यास, एकामागून एक सहा. लांबलांबचे फॉरेस्ट गार्ड, मास्तर, स्टेशनवरचे बाबू तुझी पुस्तकं मागवायचे. छापखानेवाला एकदा रागावून लिहितो, 'आपल्या प्रत्येक कथेत तोच तो शिंपी का येतो?' मी त्याच्याआधीच ओळखलं होतं, प्रती मीच करत होते ना! सहाही कादंबऱ्यांत एक शिंपी आहे. सहाही वेळा संशय त्याच्यावर येतो, आणि शेवटच्या प्रकरणात तो निर्दोष ठरतो. ती पानं उतरवताना माझा हात थांबायचा. तू समोर बसून पत्रांवर शिक्के मारत असायचास, वर बघायचा नाहीस.

एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस रे! 'वेणू, हे तुझ्यामुळं झालं' म्हणायचं होतंस. तू अबोल राहिलास आणि मला त्यात सोयीचं वाटत गेलं. शेवटच्या तापात तू दोनदा 'अहेरी' म्हणालास. मी कपाळावरची पट्टी बदलली आणि कळलं नाही असं दाखवलं.

आता सोमाजीनं परसात काय विचारलं, ते सांगते.

मला वाटलं होतं, तो शिव्या देईल. म्हणेल, तुमच्या भावानं माझा संसार उधळला. पण तो ओले हात तसेच धरून म्हणाला, "बाई, भाऊ लय हुशार मानूस. मानसाच्या मनातलं वळखे थो. त्याले माह्यात काय दिसलं होतं? मले खुनी काऊन केलं? सात वर्सं झाले, मी हाच इचार करून राह्यलो. माह्या मनात असं काही वंगाळ हाय का, जे मलेच मालूम नाई?"

दादा, सात वर्षं तो माणूस स्वतःच्या आत खुनी शोधतोय!

आणि मी काय उत्तर दिलं असेल? "चहा घेऊन जा, सोमाजीभाऊ." त्यानं चहा घेतला. कप विसळून ठेवला. उंबऱ्यापाशी वाकून तुला नमस्कार केला आणि ट्रक गाठायला गेला.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. तू सांगितलं होतंस तरी तो मूळचा शेवटचा अंक मी चुलीत घातला नव्हता. माझ्या पेटीत तळाशी होता. काल काढला. कागद पिवळा पडलाय, पण तुझं ते कोंबडीचं अक्षर मला अजून वाचता येतं.

उद्या सकाळी मी अहेरीला निघतेय. शाळेच्या कमिटीला चिठ्ठी लिहून ठेवली आहे, त्यात सगळं खरं लिहिलंय. त्यांना जे करायचं ते करू देत. सोमाजीच्या समोर बसून मी तो अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे. आणि या वर्षी धान मळून झाल्यावर गावात 'पाळीवरची पावलं' पुन्हा होईल, तुझ्या मूळच्या शेवटासह. मंडळातलं कोणी उभं राहिलं नाही, तर मांडवात मी एकटी उभी राहून वाचेन.

तुला वचन देते, दादा. तू गेलास म्हणून हे तुझ्या माथी मारणार नाही. 'आमच्या दादानं बदललं' असं म्हणणं आता किती सोपं आहे! तू काही नाकारायला येणार नाहीस. पण मी तसं म्हणणार नाही.

तो मला विचारेलच, "मंग बाई, मीच काऊन?"

मी त्याला सांगेन, "सोमाजीभाऊ, तुमच्यात काहीच दिसलं नव्हतं कोणाला. माझ्या भावानं तुम्हाला निर्दोष लिहिलं होतं. भीती माझ्या मनात होती, आणि तुमचं नाव मी घेतलं."

तुझी धाकटी,
वेणू