मोरपिसाची काडी आणि सव्वापाच किलोचा कटला

भाईंदर (पूर्व),
२ मार्च २००५

ती. दत्ताराम भावोजींस,

पंढरीनाथचा वाकून नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का आणि आनंदीताईने रात्रीचा भात सोडला का (डॉक्टरांनी सांगितलंय, मी नव्हे), ते सविस्तर कळवावे. इकडे आम्ही मजेत. 'मजेत' हा शब्द विचार करून लिहिलाय, कारण रविवारी आमच्या गळाला सव्वापाच किलोचा कटला लागला.

गेल्या मे महिन्यात माणगावला आपण चारचौघांत म्हणालात, "पंढरी, विमा कचेरीतल्या माणसाने फायली धराव्यात, मासे नव्हेत." मी ऐकून घेतलं (गळाला तेव्हा बेडूक लटकत होता, बोलणार काय). पण ते मनाला लागलं. दिवाळीपासून एकही रविवार न चुकवता मी गोडदेवच्या मागच्या तळ्यावर जातोय. इथल्या कटल्याला गांडूळ चालत नाही, त्याला कणीक, भाजलेलं बेसन आणि शेंगदाण्याची पेंड यांचा पुरणासारखा मऊ गोळा लागतो. गोळा मऊ म्हणजे तो पाण्यात कधी सुटून जातो ते वर कळत नाही. सगळी मदार दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटवर. मी आधी बाटलीचं बूच बांधलं. मासे खालून गोळा चाटून पुसून खायचे आणि बूच वर बसल्या जागी ढिम्म. शेजारी बसणारे खारी गावचे उत्तम पाटील महिनाभर बघत होते. शेवटी म्हणाले, "सायेब, तुमी मासं धरत न्हाय, त्यांना जेवान घालताव." मग मी मोरपिसाची बारीक काडी लावली. ती गोळ्याच्या वजनानेच बुडायची, मला वाटायचं मासा लागला, आणि मी गळ झटकायचो. एकदा गोळा सुटून मागच्या बाकावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थांच्या चष्म्यावर बसला. (ते गुजराती आणि शाकाहारी. बेसनाचा आहे म्हटल्यावर शांत झाले.)

मग मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. मोरपिसाचा जाड बुंधा घेतला, सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्याने फक्त खालच्या टोकाशी दोरीवर बसवला, शेंड्याला आमच्या लेकीचं, रुचिताचं लाल नेलपॉलिश लावलं आणि बादलीत बुडवून बुडवून शिशाची तार गुंडाळत गेलो. तीन संध्याकाळी गेल्या. पण जमलं असं, की गळाला गोळा असला तर फक्त लाल शेंडा वर दिसावा आणि गोळा सुटला की काडी बोटभर वर यावी. म्हणजे रिकाम्या गळाकडे बघत बसणं संपलं.

रविवारी सकाळी आमची सौ. अनसूयाही पोहे घेऊन आली होती. लाल शेंडा जरासा वर उचलला गेला, थरथरला आणि गडप झाला. गळ झटकला गेला. वीस मिनिटं दोरी तळ्यात इकडून तिकडे पळत होती, पाटील कमरेइतक्या पाण्यात उतरले, आणि कटला जाळीत आला. पेपरवाले गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते. ओल्या गोणपाटात घेऊन पाटलांसह आम्ही तिघे रिक्षात बसलो तर रिक्षावाला म्हणाला, "अंकल, ये तो चौथा सवारी हुआ." आमची अख्खी बिल्डिंग बघायला आली, सेक्रेटरीसुद्धा, जे गेली दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते. आता फायलींबद्दल आपलं काय म्हणणं आहे, ते लेखी कळवावे.

ताईला नमस्कार.

आपला,
पंढरीनाथ

ता. क. : मासा लागला तेव्हा मी हात धुवायला गेलो होतो. गळ अनसूयाच्या हातात होता. काडी मात्र माझीच.

ता. ता. क. : रविवारी संकष्टी होती, म्हणून मासा एका दिवसापुरता बाथरूममधल्या पाण्याच्या ड्रममध्ये ठेवला. सोमवारपर्यंत रुचिताने त्याचं नाव चंपा ठेवलं आणि सुरी लपवली. पाणी एक दिवसाआड येतं, आज तिसरा दिवस, आणि घरात कोणाची आंघोळ नाही. हे पत्र घेऊन येणाऱ्या विठूच्या टेम्पोत मागे निळा ड्रम आहे. झाकण हळू उघडावे. चंपाला आपल्या विहिरीत सोडावे आणि ड्रम त्याच टेम्पोने परत पाठवावा.