तू टोकन काढलं नाहीस

प्रिय रघू,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. राग गेलेला नाही.

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. तुझी बायको शैला माझ्याशी बोलायची बंद झालीय. शेवटचं बोलली ते एवढंच, “अत्ते, तुमच्यामुळं पोरीनं नोकरी सोडली. आता तुमच्या लेकाला तुम्हीच सांगा.” म्हणून सांगते. तुझ्या मेघानं औषध कंपनीची नोकरी सोडली. गेल्या आठवड्यात सॅम्पलची बॅग परत देऊन आली.

तू गेल्यावर तुझ्या मॅनेजरनं तिला लावून दिलेली नोकरी ती. घरी हार घेऊन आला होता, तेव्हाच म्हणाला, मुलीची डिग्री होऊ दे, आम्ही आहोत. शैलाला तो देवमाणूस वाटला. मला वाटलं, एक बैल पडला, आता वासरू बघून चाललाय. तुझाच राजाजीनगरचा एरिया, तुझेच डॉक्टर. बॅग तेवढी नवी.

तुला आठवतं, आरशासमोर टाय बांधून तू इंग्रजीत औषधाचं गुणगान करायचास? मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. मला ते अर्धं पाठ झालं होतं. एवढं गोड तू बायकोशी कधी बोलला नाहीस.

आणि ते सॅम्पलचं कपाट! गल्लीत कुणाचं डोकं दुखलं, कुणाचं पोट बिघडलं, की आलेच आपल्या दारात. रघूअण्णा डॉक्टरपेक्षा बरे, म्हणायचे. तू फुगायचास. स्वतःच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्याच कपाटातली गोळी चघळलीस. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणालास, “काही नाही आई, स्वल्प अ‍ॅसिडिटी.” रोज दहा डॉक्टरांची तोंडं बघणारा माणूस तू. मी अडाणी, मी विश्वास ठेवला. तू कशावर ठेवलास?

तेराव्याला, तू जिथं कोसळलास त्या दवाखान्याचा कंपाउंडर आला होता. कौतुकानं सांगत होता, सर भिंतीला टेकून उभे होते, घाम आला होता, मी म्हटलं आत जाता का, तर म्हणाले, “आधी पेशंट होऊ देत.” असा शिस्तीचा माणूस, म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्याच्या ताटातला लाडू काढून घ्यावासा वाटला. मग डॉक्टर धावत आला म्हणे. त्याच्या खोलीपासून त्या भिंतीपर्यंत धावायला जागा तरी आहे का रे?

त्या दवाखान्याची पायरी चढणार नव्हते मी. पण गुडघ्याला मानापमान नसतो. गेल्या महिन्यात उठता येईना, तेव्हा मेघानं स्कूटरवर मागं बसवून तिथंच नेलं. तिलाही तिथं काम होतं, एका फेरीत दोन्ही होईल म्हणाली.

कंपाउंडर मला कानडीत म्हणाला, कूत्कोळ्ळी अज्जी, बसा म्हणून, आणि खुर्ची दाखवली. शेजारची खुर्ची रिकामी होती. मेघा भिंतीला टेकून उभी. मी म्हटलं, बस की. तर म्हणाली, “आम्ही बसायचं नसतं अज्जी. त्या खुर्च्या पेशंटच्या.”

तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे. हात पोटावर. घरातून सकाळी जाते आणि अंधार पडल्यावर येते, तिचं तोंड उजेडात बघायला मिळतंय कुणाला? विचारलं, किती दिवस झाले? म्हणाली, होतंय कमी, गोळी घेतेय. कुठली गोळी? बॅगेतली. मी म्हटलं, डॉक्टर आत बसलाय, तुझ्या ओळखीचा, दाखव. आणि ती काय म्हणाली माहीत आहे? तुझंच वाक्य. बापाचं नाक नाही घेतलं पोरीनं, हे बरोबर घेतलं.

“आधी पेशंट होऊ देत, अज्जी.”

रघू, मी उठले. गुडघ्यात कळ आली तरी उठले. कंपाउंडरला म्हटलं, अजून एक टोकन दे. कुणाच्या नावावर? मेघाच्या. तो हसला, त्यांना कशाला टोकन, त्या तर आपल्याच. मी म्हटलं, तिचा बाप पण तुमचाच होता. मग दिलं. पोरगी कुजबुजत होती, नको, डॉक्टरांना आवडत नाही, परत आत घेणार नाहीत. मी तिची बॅग खुर्चीखाली सरकवली आणि दंडाला धरून तिला बसवलं.

आत गेल्यावर डॉक्टरनं आधी बॅग कुठंय विचारलं. मी म्हटलं, आज पेशंट आहे, तोंड बघा. त्यानं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. चांगलीच कावीळ होती. मी विचारलं, ही दर पंधरा दिवसांनी तुमच्यासमोर उभी असते, डोळे दिसले नाहीत तुम्हाला? तो म्हणाला, “त्या कंपनीच्या एम.आर. म्हणून येतात ना.” खिशाला मेघानंच दिलेलं पेन होतं. तुझं नाव सांगितलं, तर आठवायला त्याला वेळ लागला. त्याच्या वाढदिवसाला तू केक घेऊन जायचास, नाही का? खाल्ला असेल.

पोरगी अंथरुणात पडली. मॅनेजरचा फोन आला, बरी हो म्हणाला आणि त्याच दमात महिना संपत आला म्हणाला. देवमाणूस! अंगात उभं राहायची ताकद आल्यावर मेघा राजीनामा देऊन आली.

आता बायकांना स्कूटर शिकवते. मागच्या रस्त्यावरच्या एका बाईनं शिकवणी काढलीय, तिच्याकडं. तुझी बायको रडते, औषधांचं शिकलेली मुलगी मैदानात बायकांच्या मागं पळते म्हणून. पळू दे. तहान लागली की बसते, पाणी पिते, ओरडते. काल एक जाडी बाई पडली, तिच्यावर ही ओरडली आणि मग दोघी हसत होत्या. तुझ्या नोकरीत तुला कुणावर ओरडायची मुभा होती का?

तुझं टोकन काढता आलं नाही. तू सांगितलं असतंस तर काढलं असतं. ते तुझं तू बघ.

पण एक शब्द देते. या घरात पुन्हा कुणाच्या छातीत, पोटात काही झालं, शैलाच्या सुद्धा, तर टोकन मी काढीन. काठी टेकत जाईन, भांडीन, आणि त्या माणसाला खुर्चीत बसवूनच दम घेईन. सॅम्पलचं कपाट रिकामं केलंय. त्यात आता मेघाचं हेल्मेट असतं.

आणि तू रे. तिथं खुर्ची असेल तर बस. कुणाला विचारू नकोस.

तुझी आई