दारावरचा शब्द

सक्करदरा, नागपूर
बुधवार, दि. १८ नोव्हेंबर १९८१

चि. गिरिधर यास बाबांचे आशीर्वाद. सूनबाई आणि मुलं खुशाल असतील. इकडे सकाळची थंडी पडू लागली आहे. संत्री अजून महागच आहेत. माझी तब्येत ठीक आहे. अक्षर मोठं काढतो आहे आणि ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तेवढं सांभाळून वाच.

पत्राचं कारण असं की दिवाळीत तू दाराला बसवून गेलास ती दुर्बीण बिघडली आहे. डोळा लावला की बाहेर नुसतं धुकं. माणूस आला तर धुक्यात थोडं काळं हलतं. रुपराव सुताराला दोनदा बोलावलं. त्याने काच काढून पुसली, परत बसवली, आणि म्हणाला, "काकाजी, मले तं समोरच्या बाजेवरचे पापड दिसून राहिले." मी म्हटलं, काच बदल. त्याने बदलली नाही. तू भिलाईहून चांगली काच पाठव.

मागच्या गल्लीत झालं ते तुला माहीत आहेच. एक बाई पाणी मागायला आली, म्हातारीने दार उघडलं, आणि बाईच्या मागून दोघे आत शिरले. कानातलं ओढलं तेव्हा म्हातारीचे कान फाटले. तेव्हापासून दार वाजलं की मी आधी कड्या चाचपतो, दूधवाला असला तरी. तू शब्द ठरवून दिलास ते मला बरं वाटलं होतं. जो शब्द बोलेल त्यालाच दार उघडायचं. शब्द तुझ्या आजोबांचं नाव, मारोतराव, कारण या गल्लीत ते आता कोणाला ठाऊक नाही. आपण बापलेकांनी बाहेरच्या खोलीत बसून ठरवलं. तुझी आई आत करंज्या तळत होती. तिला आपण विचारलं नाही, सांगितलं.

आई सध्या वाडीला उत्तरा आणि जावईबापूंकडे आहे. काळजी करू नको. हाताला प्लास्टर आहे.

शनिवारी ती देवळात गेली होती. लहानपणी तू तिची चेष्टा करायचास, आई मारुतीला शेंदरीदेव म्हणते म्हणून. सासऱ्याचं नाव तोंडात येऊ नये यासाठी लग्न झाल्यापासून तिने त्या देवाचंही नाव घेतलेलं नाही. ती परत येत असताना दिवे गेले. सगळी गल्ली काळी झाली. दार वाजलं. मी डोळा लावला, काही दिसेना. कोण, म्हणून विचारलं. मी आहो, म्हणाली. मी म्हटलं, शब्द सांग.

मग म्हणाली, "शेंदरीदेव."

मी म्हटलं, हा शब्द नाही.

"अहो, तो शब्द माह्या तोंडातून निघन का? उघडा."

तुला वाटेल मला आवाज ओळखू आला नाही. उत्तराला मी तसंच सांगितलं, जावईबापूंनाही. पण आवाज तिचाच आहे हे मला लगेच कळलं होतं. माझ्या मनात दुसरंच आलं. तिच्या मागे कोणी असेल तर? पाठीला सुरी लावून तिला बोलायला लावत असतील तर? दुर्बिणीतून दिसलं असतं तर उघडलं असतं. मी दोन्ही कड्या हाताने दाबून उभा राहिलो. मागे कोणी असलंच तर ती त्यांच्या हातात आहे आणि मी आत, हे मला तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणार होतो. सुचलं होतं.

ती मागच्या दाराकडे जायला निघाली आणि अंधारात नालीत पडली. पडल्याचा आवाज मी ऐकला. तरी हललो नाही. शेजारच्या आनंदरावाने तिला उचलून आणलं आणि दार बडवलं. "काकाजी, काकू नालीत पडल्या, हात मोडला. उघडा ना जी."

मी त्यालाही शब्द विचारला.

तेव्हा ती बाहेर हसली. तेवढं दुखत असताना हसली. ते हसणं ऐकून माझे हात कड्यांवरून सुटले.

सोमवारी मी वाडीला गेलो. ट्रकांच्या गर्दीत रस्ता उमगेना, कोणी तरी हात धरून पोचवलं. तुझी आई रागावली नव्हती, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. चहा झाल्यावर म्हणाली, "रविवारी येतो मी. पण आता शब्द माहा. माहं माहेरचं नाव. मी ओट्यावर उभी राहीन, तुम्ही आतून सांगजा. नाही आलं सांगता, तं मी आपली उत्तरापाशी बरी."

गिरिधर, मला ते नाव आठवत नाही.

तिचं प्रयाग हे नाव मी लग्नात ठेवलेलं. ताटातल्या तांदळात बोटाने लिहिलं होतं. चौथी पास होतो, अक्षर चांगलं आलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. त्या आधीच्या नावाने तिचा धाकटा भाऊ हाक मारायचा. पाठराखण म्हणून आला होता. माझ्या आईने त्याला दटावलं, आता ते नाव नाही म्हणून. त्या पोराचं तोंड हलताना मला आजही दिसतं, आवाज येत नाही. काल दिवसभर मी दाराशी बसून बायकांची नावं एकामागून एक म्हणत होतो. आनंदरावाच्या बायकोने खिडकीतून डोकावून पाहिलं.

उत्तराला विचारलं. ती म्हणाली, बाबा, ते तुमचं तुम्हीच आठवा.

तू काटोलच्या मामाला विचार. मी विचारायला सांगितलं हे बोलू नको. आणि रविवारच्या आत तार कर. तारेत ते एवढं नाव पुरे. ही फसवणूक आहे हे मला कळतं. तारवाला आला तर त्याला शब्द विचारणार नाही. दार उघडेन आणि त्याच्याकडूनच वाचून घेईन.

काच पाठवू नको. रुपराव बरोबर म्हणत होता, काच चांगली आहे. डोळ्यांचं ऑपरेशन म्हटलं की मला घाम फुटतो म्हणून कोणाला बोललो नाही. तू रजा घेऊन आलास तर दवाखान्यात येईन. पण आधी ती घरात येऊ दे.

दार उघडं ठेवून हे लिहितो आहे असं तुला कळवता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन्ही कड्या लावलेल्याच आहेत.

तुझ्या तारेच्या भरवशावर आत बसलेला
तुझा बाप
गणपत मारोतराव