रुखसतीच्या वेळचा आवाज

परतवाडा, नोव्हेंबर २००६

प्रिय रुबीना बाजी,

तुझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून झाली. अकोल्याच्या तुमच्या प्लेअरवर डीव्हीडी चालत नाही, म्हणून दोन व्हीसीडी केल्या. मध्येच लाइट गेल्याने काही डिस्क वाया गेल्या. कापसाला भाव नाही, म्हणून दुकानात लग्नांच्या व्हिडिओची कामं नाहीत, त्यामुळे वेळ होता.

रुखसतीच्या वेळी, तुला सासरी पाठवताना, अब्बा तुझ्या कानाशी काय म्हणाले, तेवढंच तुला ऐकायचं होतं. रडण्यात तुला ते कळलं नव्हतं, आणि आता अब्बा नाहीत. कॅसेटमध्ये त्यांचे ओठ हलतात, पण वर सिनेमाचं गाणं वाजतं. मला वाटलं, फाइल लहान करताना माझ्याच हातून गाण्याखालचा त्यांचा आवाज गेला. फॉरमॅट बदलून पुन्हा पुन्हा उतरवलं. शेवटी शूटिंगवाल्या खुशालरावांकडे गेलो.

"अरे बाप्पा, तवा सगळ्याइलेच गाणे पाहिजे होते. बोलणं कोन ऐकते?"

"गाणं टाकायच्या आधीची मूळ कॅसेट आहे का, काका?"

"तिच्यावर दुसऱ्याचं लग्न घेतलं ना! कोरी कॅसेट काय फुकट भेटते?"

म्हणजे ते बोलणं आता कुठेच नाही, बाजी.

तेवढ्या जागचं गाणं मी काढून टाकलं; तिथे आता काहीच ऐकू येत नाही. अब्बांच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज नको वाटला.

हे पत्र डिस्कसोबत ठेवणार होतो, पण ठेवत नाही. तू त्या जागी आवाज वाढवत राहशील. मग फोन करून म्हणशील, प्लेअर बिघडला वाटतं. मी हो म्हणेन.

तुझा भाऊ,
मोहसीन