अवेळचा मारवा

आई, आज तिन्हीसांजेला पुन्हा तुझी रेकॉर्ड लावली. कलकत्त्यातल्या बेहालाच्या याच घरात, याच खिडकीपाशी. खाली ऑटोंचा नुसता कलकलाट असतो आता, तुझं तर डोकंच उठलं असतं.

ही रेकॉर्ड काढायचं ठरलं तेव्हा किती हरखली होतीस तू! वाट पाहणाऱ्या नायिकेची एक रात्र, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. प्रत्येक प्रहराचा एक राग, आणि प्रत्येक रागाआधी विराणीतल्या दोन ओळी तूच म्हणायच्या. "कलकत्त्यात मराठी बाईला विचारतंय कोण," असं येताजाता बाबांना ऐकवत होतीस. तंबोऱ्याला मी. आणि मेला तो स्टुडिओ मिळाला सकाळचा! तिन्हीसांजेचा मारवा सकाळी गायचा म्हटल्यावर तुझा चेहरा उतरला. रेकॉर्डिंगवाले दादा हसले, "दिदी, स्टुडिओते आबार शोंधे की, शकाल की!" स्टुडिओत कसली संध्याकाळ नि कसली सकाळ! खरंच, खिडकीच नव्हती तिथे. तू ओळी म्हटल्यास, मग माझ्या तंबोऱ्याकडे वळून विचारलंस, "लागला का गं?" मी मान हलवली आणि तू गायलीस. काय गायलीस गं!

परतताना एस्प्लनेडहून ट्राममध्ये बसलो. खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "संध्याकाळचे सूर सकाळी ओढून आणले मी. घरी एकदा वेळेवर गाईन, त्याशिवाय माझी सुटका नाही." पण त्या संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातले लोक चहाला आले, दुसऱ्या दिवशी तुझा घसा बसला. उद्या, उद्या करत राहिलीस, मग तापानं फणफणलीस आणि गेलीसच.

रेकॉर्ड आली ती तू गेल्यावर. मारव्याच्या ओळींपाठोपाठ तुझा तो प्रश्नही तसाच ठेवलाय त्यांनी. मराठी कुणाला कळतंय? त्यांना वाटलं, तीही कवितेचीच ओळ. मी ठरवलं, सूर्य बुडताना लावायची, म्हणजे तुझा मारवा वेळेवर होईल आणि तू सुटशील. पहिल्याच संध्याकाळी तू विचारलंस, "लागला का गं?" आणि तेवढ्यात लोडशेडिंग. तुझा आवाज जड होत होत खोल गेला आणि थांबला. अंधारात घाबरून मी रडले. पण आई, मारवा राहूनच गेला म्हणून आतून किती बरं वाटलं होतं मला.

तेव्हापासून वीज जायची वाट बघत नाही मी. हे लिहिलेलं धाडायचं तरी कुठे? रेकॉर्डच्या वेष्टनात सारून ठेवते. आजही तू विचारलंस. मी म्हटलं, "नाही गं, जरा थांब," आणि सुई उचलली. तंबोरा तर केव्हाचा लागलाय, आई.