गजाननला मिळालेली नाव

१४ जून, अंबड
प्रशिक्षण सुरू. तहसीलमधले कॉम्प्युटर, प्रिंटर, नेट सांभाळणारे आम्ही दोघं, मी आणि गजानन. पुरात मोबाइल बंद पडले तर वायरलेस आम्ही चालवायचा. शेवटी एकजण बचाव पथकाबरोबर नावेत, दुसरा इथं कंट्रोल रूममध्ये. नावेत मीच जाणार. गजाननला धड सोल्डरिंग येत नाही.

१६ जून
डोळे बांधून बॅटरी, अँटेना जोडणे. मी पहिला. गजानन चाचपडत बसला. बरं वाटलं.

१७ जून
तलावावर सराव. मुद्दाम बिघडवलेले सेट दिले. मी लगेच पेचकस काढला, उडालेला फ्यूज शोधला, बदलला, सेट बोलता केला. वर बघतो तर गजाननने बंद सेट बाजूला ठेवून पेटीतला दुसरा लावलेला. निरोप कधीच गेलेला. शिकवणारे रिटायर सुभेदार मला म्हणाले, "तिकडं माणसं बुडून राह्यली अन् तुम्ही दुकान मांडून बसले का?" सगळे हसले. गजानन पण.

१८ जून
निवड झाली. नावेत गजानन. नारिंगी जाकिटातला फोटो लगेच गावच्या ग्रुपवर. बायकोनं कौतुकानं मलाच दाखवला! जळफळाट झाला. झाला तर झाला.

३ सप्टें.
धरणातून पाणी सोडलं. गोदावरीकाठची एक वस्ती वेढली गेली. गजानन सकाळीच गेला. मी इथं कानाला हेडफोन लावून. "म्हाताऱ्या माणसांना आधी काढून राह्यलो, ओव्हर." आवाज असा, जणू चहा पीत बसलाय. नायब तहसीलदार म्हणाले, "गडी बराबर तयार झाला." माझ्यासमोर. मनात आलं, एकदा तरी फजिती होऊ दे याची.

दुपारी बोलता बोलता आवाज तुटला. दुसरा सेट आहे त्याच्याकडे. लावेल.

संध्याकाळ. हाका मारतोय. अजून काही...

४ सप्टें.
रात्रभर उत्तर नाही. पहिली नावही परतली नाही. दुसरी निघतेय, साहेबांनी माझं नाव सांगितलं. मला जायचंच होतं. असं नव्हतं जायचं.

आत्ता गजाननच्या बायकोचा फोन. "भाऊजी, तुम्ही सोता जाऊन राह्यले म्हणे? मंग मला बिलकुल काळजी न्हाई."

हो वहिनी, म्हणालो. गाडी आली.